वाचकांचे प्रश्न : क्लीव्हलँडचे १३४ पराभव

गेल्या अंकातल्या जुन्या व्यावसायिक बेसबॉलवरच्या लेखात एक ओळ होती : ‘क्लीव्हलँड स्पायडर्स, १८९९ : २० विजय, १३४ पराभव.’ या ओळीवर इतकी पत्रं आली की यावेळचं सदर तिलाच देत आहोत. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : १३४ हा आकडा छापताना चुकला असावा असं वाटतं. व्यावसायिक खेळाडूंचा संघ एका मोसमात इतके सामने हरेलच कसा?

आकडा बरोबर आहे. नॅशनल लीगमध्ये तेव्हा बारा संघ होते. प्रत्येकाने उरलेल्या अकरा संघांशी चौदा-चौदा सामने खेळायचे, म्हणजे एकूण १५४. त्यातले स्पायडर्सनी २० जिंकले. विजयाचं प्रमाण ०.१३० भरतं आणि मेजर लीगच्या (अमेरिकी व्यावसायिक बेसबॉलच्या सर्वोच्च स्तराच्या) पूर्ण मोसमात इतके पराभव आजवर दुसऱ्या कुठल्याही संघाच्या नावावर नाहीत.

‘संघच वाईट होता’ असं म्हणून मात्र हा विषय संपत नाही. आदल्या वर्षी, १८९८ मध्ये, याच संघाने ८१ सामने जिंकले होते आणि ६८ हरले होते. बारा संघांत पाचवा नंबर होता. १८९५ मध्ये त्यांनी बाल्टिमोरला हरवून टेंपल कप (लीगमधल्या पहिल्या दोन संघांतली मोसमानंतरची स्पर्धा) घेतला होता. साय यंग हा पिचर (चेंडू फेकणारा) त्यांचाच. पुढे ५११ विजय नावावर जमा करून तो निवृत्त झाला आणि तो विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. जेसी बर्केटने याच संघाकडून १८९५ आणि १८९६ अशी लागोपाठ दोन वर्षं ०.४०० च्या वर बॅटिंग सरासरी राखली होती. असा संघ एका हिवाळ्यात आपोआप बिघडत नाही. तो मोसम सुरू होण्याआधीच कागदावर रिकामा केला गेला. मैदानावर जे दिसलं ते त्याचं फळ.

प्रश्न : रिकामा केला म्हणजे नेमकं काय केलं? एका मालकाने दोन संघ ठेवणं नियमात बसत होतं का?

बसत होतं, कारण ते अडवणारा नियमच नव्हता. फ्रँक आणि स्टॅन्ली रॉबिसन हे दोघे भाऊ क्लीव्हलँडचे मालक. फ्रँकचा मूळ धंदा शहरातल्या ट्राम गाड्यांचा. क्लीव्हलँडमध्ये गर्दी जमत नाही ही त्यांची जुनी तक्रार होती. रविवारी सामने भरवले तर कामगारवर्ग येईल हा त्यांचा हिशेब, पण शहरात रविवारच्या खेळाला विरोध होता. १८९७ मध्ये तर रविवारचा सामना सुरू असतानाच पोलिसांनी खेळाडूंना पकडून नेलं.

तिकडे सेंट लुईसचा संघ कर्जात आणि कोर्टकचेऱ्यांत बुडाला होता. १८९८ मध्ये त्याचं मैदान आगीत सापडलं, संघ ३९-१११ (विजय-पराभव) असा तळाला राहिला आणि १८९९ च्या वसंतात लिलाव होऊन तो रॉबिसन बंधूंच्या हाती आला. सेंट लुईस मोठं शहर, शिवाय तिथे रविवारी खेळायला मोकळीक. मग त्यांनी सरळ अदलाबदल केली. यंग, बर्केट, बॉबी वॉलेस, क्युपिड चाइल्ड्स, कॅचर लू क्रिगर आणि मॅनेजर-खेळाडू पॅट्सी टेबो असा सगळा कणा सेंट लुईसला गेला. तिथल्या संघाला नावही दिलं ‘परफेक्टोज’. बदल्यात त्या १११ पराभव झालेल्या संघातली मंडळी क्लीव्हलँडला आली. जिम ह्युई हा पिचर त्यांतलाच. आदल्या वर्षी सेंट लुईसकडून त्याची नोंद होती ७ विजय, २४ पराभव.

खेळाडूंना विचारायचा प्रश्नच नव्हता. करारातल्या राखीव कलमामुळे खेळाडू संघाचा बांधील असे आणि संघ त्याला हवं तिकडे पाठवू शके. दोन्ही संघांची मालकी एकाच घरात म्हटल्यावर किंमत ठरवायचीही गरज उरली नाही.

हे फक्त रॉबिसन बंधूंनी केलं असंही नाही. त्याच वर्षी ब्रुकलिन आणि बाल्टिमोर या संघांचे मालकही एकमेकांत गुंतलेले होते. बाल्टिमोरचे नावाजलेले खेळाडू मॅनेजर नेड हॅन्लनबरोबर ब्रुकलिनला गेले आणि ब्रुकलिनने १०१-४७ अशी नोंद करून अजिंक्यपद घेतलं. अमेरिकेत या प्रकाराला ‘सिंडिकेट बेसबॉल’ म्हणत. गंमत अशी की रॉबिसन यांना एवढं करून फारसं काही मिळालं नाही. परफेक्टोज ८४-६७ करून पाचवे आले, म्हणजे वर्षभरापूर्वी क्लीव्हलँड जिथे होतं त्याच जागी.

प्रश्न : कोष्टकात क्लीव्हलँडपुढे ‘८४ सामने मागे’ लिहिलं होतं. ब्रुकलिनचे १०१ विजय, यांचे २०. फरक ८१ चा आहे, मग ८४ कुठून आले?

‘सामने मागे’ म्हणजे अव्वल संघापासूनचं अंतर. फक्त विजय वजा केले की ही चूक हमखास होते. पद्धत अशी :

आधी वरच्या संघाच्या विजयांतून खालच्या संघाचे विजय वजा करा. १०१ वजा २० म्हणजे ८१.

मग खालच्याच्या पराभवांतून वरच्याचे पराभव वजा करा. १३४ वजा ४७ म्हणजे ८७.

दोन्हींची बेरीज १६८, तिचं अर्धं ८४.

अर्धं का करायचं? दोन संघ समोरासमोर खेळले की एकाला विजय आणि दुसऱ्याला पराभव मिळतो, पण अंतर एकाच सामन्याने बदलतं. विजय आणि पराभव दोन्ही मोजले की तो सामना दोनदा धरला जातो, म्हणून भागिले दोन. संघांनी सारखेच सामने खेळले असते तर दोन्ही वजाबाक्या सारख्या आल्या असत्या आणि तुमची पद्धतही चालली असती. ब्रुकलिनचे निकाली सामने १४८ आणि क्लीव्हलँडचे १५४, म्हणून फरक पडला. त्या काळी अंधार, पाऊस किंवा ट्रेनची वेळ यामुळे बरेच सामने अर्धवट राहत किंवा बरोबरीत सुटत आणि सगळे पुन्हा खेळले जात नसत. म्हणूनच क्रमवारी विजयांच्या संख्येवर नव्हे, टक्केवारीवर लावत.

सराव म्हणून अकराव्या नंबरच्या वॉशिंग्टनचा (५४-९८) हिशेब करून पाहा. ३४ अधिक ३६ म्हणजे ७०, अर्धे ३५. तळापासून दुसरा संघसुद्धा ३५ सामने पुढे! ८४ पेक्षा आम्हाला हा आकडा जास्त बोलका वाटतो. अजिंक्य संघ फार पुढे निघून जाऊ शकतो. पण शेवटून दुसराही इतका दूर गेला, तर शेवटचा संघ त्या लीगमध्ये नावापुरताच होता असं म्हणावं लागतं.

प्रश्न : घरच्या मैदानावर ४२ सामने आणि बाहेर ११२. असं वेळापत्रक लीगने मंजूर कसं केलं?

वेळापत्रक असं नव्हतंच. १५४ चे निम्मे, म्हणजे ७७ सामने घरी व्हायचे होते. त्यातले ३५ वाटेत उठून दुसऱ्या गावी गेले. कारण सरळ पैशाचं आहे आणि ते आकड्यांतच पाहायला हवं.

पाहुण्या संघाला दारावरच्या वसुलीतला ठरलेला वाटा मिळे. प्रवास आणि हॉटेलचा खर्च त्यातून भागवायचा. आता क्लीव्हलँडची वसुली पाहा. घरच्या ४२ सामन्यांना मिळून प्रेक्षक आले ६,०८८, म्हणजे सामन्याला सरासरी १४५. मैदान होतं लीग पार्क, साधारण ९,००० जण बसतील एवढं. प्रत्येक तिकीट ५० सेंटचं धरलं तरी एका सामन्याची सगळी वसुली ७२ डॉलर ५० सेंट. त्यात पाहुण्यांचा वाटा निम्मा धरा, तर हातात पडले ३६ डॉलर २५ सेंट. त्यातून पंधरा-एक माणसांचं ट्रेनचं भाडं, खोल्या आणि जेवण भागायचं नाही. मग बाकीच्या मालकांनी क्लीव्हलँडला यायलाच नकार दिला. रॉबिसन यांचीही हरकत नव्हती. दुसऱ्याच्या गावी खेळलं तर पाहुण्याचा वाटा त्यांना मिळणार आणि मैदानाचा खर्च यजमान सोसणार.

हे अर्ध्या मोसमात ठरलं. त्यामुळे शेवटच्या ९३ सामन्यांपैकी ८५ परगावी झाले. वर्तमानपत्रांनी संघाला ‘एक्झाइल्स’, ‘वाँडरर्स’, ‘मिसफिट्स’ अशी नावं ठेवली ती यावरूनच.

खेळावर परिणाम किती झाला हेही वेगळं काढता येतं. घरी ९-३३, म्हणजे ०.२१४. बाहेर ११-१०१, म्हणजे ०.०९८. घरी हा संघ नुसता वाईट होता, पाचातला एक सामना तरी जिंकत होता. रस्त्यावर त्याचा कणाच मोडला. आठवडेच्या आठवडे ट्रेन, रोज नवं मैदान, बाजूने ओरडणारं कुणी नाही. आणि ज्याच्यासाठी जीव तोडून खेळावं असं घरही मागे उरलेलं नाही. घरच्या सामन्यांचं प्रमाण नेहमीसारखं निम्मं असतं तर याच टक्केवारीने सुमारे २४ विजय निघतात. फरक चारच सामन्यांचा. म्हणजे भटकंतीने दुखणं वाढवलं, पण मूळ दुखणं खेळाडूंच्या अदलाबदलीतच होतं.

प्रश्न : मोसमभर सारखंच हरत होते की मध्येच घसरले?

घसरले, आणि ती घसरण मॅनेजरच्या नोंदीतून स्वच्छ दिसते. सुरुवातीला लेव्ह क्रॉस हा तिसऱ्या बेसवर खेळणारा मॅनेजर होता. त्याच्या हाताखाली ३८ सामन्यांत ८-३०. हाच वेग १५४ सामने टिकला असता तर ३२ विजय झाले असते. तेही लाजिरवाणेच, पण पराभव १३४ पर्यंत गेले नसते. जूनमध्ये सेंट लुईसला तिसऱ्या बेसवर माणूस हवा झाला, म्हणून मालकांनी क्रॉसलाच तिकडे नेलं. पिचर विली सुडहॉफही तिकडे गेला. त्याने क्लीव्हलँडकडून ३ सामने जिंकले होते. आकडा लहान दिसतो, पण या संघाच्या मोसमभराच्या विजयांचा तो सातवा हिस्सा आहे.

क्रॉसनंतर सूत्रं आली ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या जो क्विनकडे. त्याच्या हाताखाली १२-१०४. वाचून क्विनला दोष द्यावासा वाटतो, पण तो अन्याय ठरेल. त्याच्याकडे खेळाडू उरले नव्हते आणि घरचं मैदानही उरलं नव्हतं.

शेवट असा झाला : २६ ऑगस्टपासून सलग २४ पराभव, मग वॉशिंग्टनविरुद्ध एक विजय, मग सलग १६ पराभव. ४१ सामन्यांत एक. सलग २४ चा तो आकडा नॅशनल लीगमध्ये आजही सर्वात मोठा आहे. सलग विजय म्हणाल तर मोसमभरात दोनाच्या पुढे कधी गेले नाहीत आणि तेही एकदाच, मे महिन्यात.

शेवटचा सामना १५ ऑक्टोबरला सिनसिनाटीत. त्या दिवशी पिचिंगला उभा होता एडी कोल्ब. हॉटेलातल्या सिगारच्या काउंटरवर काम करणारा हौशी खेळाडू. १९-३ असा हरला. मेजर लीगमधला त्याचा हा एकुलता एक सामना.

प्रश्न : जिम ह्युई ४ जिंकला, ३० हरला. मग त्याला पुन्हा पुन्हा खेळवत का होते?

कारण त्याच्याहून बरा कुणी नव्हता. विचित्र वाटेल, पण ३० सामने हरायला पिचर बऱ्यापैकी असावा लागतो. अगदीच कच्चा असेल तर त्याला दहा पराभवांतच घरी पाठवतात. मेजर लीगमध्ये एका मोसमात ३० सामने हरणारा ह्युई हा शेवटचा पिचर.

विजय-पराभव पिचरच्या नावावर मांडण्याची पद्धत इथे दिशाभूल करते. आघाडी ज्याच्या हातून कायमची गेली त्याच्या खात्यावर पराभव जातो. आपल्या बॅटरनी किती धावा केल्या, फील्डरनी किती चेंडू सोडले, हे त्या खात्यात उमटत नाही. या संघाने सामन्याला सरासरी ३.४ धावा केल्या आणि ८.१ दिल्या. सामन्याला साडेतीन धावांच्या पाठबळावर साय यंगलाही मान वर काढणं अवघड गेलं असतं.

बाकीच्यांची नोंदही पाहा : चार्ली नेपर ४-२२, फ्रँक बेट्स १-१८, ‘क्रेझी’ श्मिट २-१७, हॅरी कॉलीफ्लॉवर १-११. ह्युई धरून पाच जण मिळून १२-९८.

त्या काळच्या नियमांनी हे ओझं आणखी वाढवलं. सुरू केलेला सामना त्याच पिचरने संपवायचा हा रिवाज होता. धावांचा पाऊस पडू लागला म्हणून तिसऱ्या इनिंगला बदली माणूस आणायची सोय नव्हती, तेवढे पिचर संघात नसतच. शिवाय साधा फाउल, म्हणजे रेषेबाहेर टोललेला चेंडू, तेव्हा स्ट्राइक (तीन झाले की बॅटर बाद) धरला जात नसे. तो नियम नॅशनल लीगमध्ये १९०१ साली आला. म्हणजे हुशार बॅटर पटत नसलेले चेंडू नुसते बाहेर टोलवत राहायचा आणि पिचरचा हात दमवायचा. चांगल्या संघाचा पिचर अशा वेळी फील्डरांवर विसंबून चेंडू टोलवू देतो. क्लीव्हलँडच्या फील्डरांवर विसंबणं परवडणारं नव्हतं. प्रतिस्पर्ध्यांनी या संघाविरुद्ध ४९ सामन्यांत दहा किंवा त्याहून जास्त धावा केल्या, म्हणजे जवळजवळ दर तिसऱ्या सामन्यात.

प्रश्न : नशीबही फिरलं असेल ना? ते मोजता येतं का?

अंदाज करता येतो. बिल जेम्स या अमेरिकी अभ्यासकाचं सूत्र आहे : केलेल्या धावांचा वर्ग भागिले (केलेल्या धावांचा वर्ग अधिक दिलेल्या धावांचा वर्ग). स्पायडर्सनी ५२९ धावा केल्या, १,२५२ दिल्या.

५२९ चा वर्ग २,७९,८४१. १,२५२ चा वर्ग १५,६७,५०४. बेरीज १८,४७,३४५. भागाकार ०.१५१. गुणिले १५४ म्हणजे सुमारे २३ विजय.

वर्गाऐवजी १.८३ हा घात घेतला तर अंदाज जरा सुधारतो असं मानतात. तो घेतला की २६ येतात. म्हणजे नशिबाने तीन ते सहा सामने खाल्ले असं म्हणता येईल. पण इतक्या टोकाच्या संघाला हे सूत्र फारसं नेमकं बसत नाही. ते मधल्या संघांवर बेतलेलं आहे. एका सामन्यात १९ धावा दिल्या काय आणि ९ दिल्या काय, पराभव एकच, वर्ग मात्र फुगतो. एवढं नक्की की नशीब पालटूनही हा संघ तळालाच राहिला असता.

प्रश्न : त्या काळात असे आणखी संघ होते का? सर्वात वाईट कोणता म्हणायचा?

होते, आणि प्रत्येकाचं कारण वेगळं आहे.

टक्केवारी पाहिली तर १८७५ चा ब्रुकलिनचा अटलांटिक्स संघ २-४२ वर आहे, ०.०४५. याच क्लबने १८७० साली सिनसिनाटीच्या अपराजित रेड स्टॉकिंग्जना अकरा इनिंगमध्ये ८-७ असं हरवलं होतं! पण १८७५ ची नॅशनल असोसिएशन ही फार सैल संघटना. दहा डॉलर भरले की प्रवेश. संघ मध्येच बंद पडत, कुणी ठरलेले सामने पुरे करत नसे. त्या आकड्याची १५४ सामन्यांशी तुलना करण्यात अर्थ नाही.

१८९० चा पिट्सबर्ग २३-११३. त्या वर्षी खेळाडूंनी स्वतःची प्लेयर्स लीग काढली आणि पिट्सबर्गचे बहुतेक चांगले खेळाडू त्याच शहरातल्या नव्या संघात गेले. एप्रिलमधल्या एका सामन्याला तिकीट काढून आलेले प्रेक्षक सतरा. (वरची पद्धत वापरून पाहा : अजिंक्य ब्रुकलिन ८६-४३, म्हणजे पिट्सबर्ग साडेसहासष्ट सामने मागे. अर्धा सामना असा येतो.)

आम्हाला सर्वात रंजक वाटतो तो १८८९ चा लुईव्हिल, २७-१११. सलग २६ सामने हरला. मालक मॉर्डेकाय डेव्हिडसन पैशाने अडचणीत आलेला. त्याने चुकांबद्दल आणि पराभवांबद्दल खेळाडूंना दंड लावायला सुरुवात केली. पराभव थांबेनात, तसा दंड वाढत गेला. जूनमध्ये बाल्टिमोरला सहा खेळाडूंनी मैदानात उतरायलाच नकार दिला आणि मिळतील ती माणसं उभी करून सामना भागवावा लागला. थोड्याच दिवसांत डेव्हिडसनने संघ सोडला. मोसमभरात चार मॅनेजर झाले. आणि पुढच्याच वर्षी हाच लुईव्हिल ८८-४४ करून अमेरिकन असोसिएशनचा (तेव्हाच्या दुसऱ्या मेजर लीगचा) अजिंक्य संघ ठरला. संघ सुधारला हे खरं, पण त्याहून मोठं कारण भोवतालची लीग पातळ झाली हे. ब्रुकलिन आणि सिनसिनाटी नॅशनल लीगमध्ये निघून गेले आणि उरलेल्यांचे खेळाडू प्लेयर्स लीगने नेले.

आमचं मत विचाराल तर सर्वात वाईट संघ स्पायडर्सच. पिट्सबर्गचे खेळाडू दुसऱ्यांनी पळवले, लुईव्हिलला मालकाच्या कंगालपणाने बुडवलं. क्लीव्हलँडला त्याच्या मालकांनीच जाणूनबुजून उघडं पाडलं.

प्रश्न : आजचा क्लीव्हलँड गार्डियन्स हा त्याच संघाचा वारस का?

नाही. १८९९ नंतर नॅशनल लीगने बारावरून आठ संघ केले. क्लीव्हलँड, बाल्टिमोर, वॉशिंग्टन आणि लुईव्हिल वगळले गेले आणि स्पायडर्स तिथेच संपले. १९०० साली ग्रँड रॅपिड्सचा संघ क्लीव्हलँडला आला. १९०१ पासून त्याची अमेरिकन लीग मेजर झाली आणि आजचा संघ हा या ग्रँड रॅपिड्सहून आलेल्या संघाचा वारस. सुरुवातीचं मैदान मात्र तेच होतं, लीग पार्क.

प्रश्न : हा विक्रम आता मोडेल का?

परगावच्या १०१ पराभवांचा मोडणं शक्यच नाही. आता १६२ सामन्यांत बाहेरचे ८१ असतात. एकूण १३४ पराभव मोडायचे तर २७-१३५ किंवा त्याहून वाईट खेळावं लागेल. २०२४ मध्ये शिकागो व्हाइट सॉक्स ४१-१२१ वर थांबले, म्हणजे अजून चौदा विजय जास्त. टक्केवारीत खाली जायला १६२ पैकी २१ पेक्षा जास्त जिंकून चालणार नाही. २१ म्हणजे ०.१२९६, स्पायडर्सचे ०.१२९९.

प्रश्न : १८९९ च्या वर्तमानपत्रांतले स्पायडर्सचे बॉक्स स्कोअर (सामन्याच्या नोंदींचे तक्ते) पाहून स्वतःचा तक्ता बनवतो आहे. बेरजा जुळत नाहीत. कुठे चुकतं?

बहुधा तुमचं चुकत नाही, आजच्या सवयीने वाचताय म्हणून घोटाळा होतो. हे तपासा.

खालची ओळ यजमानाची असं धरू नका. तेव्हा आधी बॅटिंग घ्यायची की नंतर, हे यजमान कर्णधार निवडत असे. १८८७ पासून तसा नियम होता आणि बरेच जण नवा कोरा चेंडू आपल्याला मिळावा म्हणून आधी बॅटिंग घेत. क्लीव्हलँडचे ‘घरचे’ सामने परगावी झाले तेव्हा तर घोळ दुप्पट होतो, म्हणून सामना कुठे झाला आणि यजमान कोण, असे दोन वेगळे रकाने ठेवा.

मग पुटआउटची (फील्डरने बाद केल्याच्या नोंदींची) बेरीज घ्या. नऊ इनिंग पूर्ण खेळल्या तर प्रत्येक बाजूला २७. नंतर बॅटिंग करणारा संघ आघाडीवर असेल तर शेवटची अर्धी इनिंग होत नाही आणि हरणाऱ्याचे पुटआउट २४ च भरतात. २५ किंवा २६ दिसले तर विजयी धाव कितव्या आउटनंतर झाली याची तळटीप शोधा. दोन्हीकडे २१ किंवा १८ असतील तर सामना अंधारामुळे किंवा ट्रेनसाठी आवरता घेतलेला आहे. पाच इनिंग झाल्या असतील तर तो अधिकृत धरायचा.

बॅटरच्या ओळीत वॉक (चार वाईट चेंडूंमुळे मिळालेला पहिला बेस) बऱ्याचदा नसतात, ते खाली पिचरच्या नावापुढे मिळतात. आरबीआय (बॅटरच्या खेळीमुळे आलेल्या धावा) शोधू नका, ती अधिकृत नोंद १९२० पासूनची. चोरलेल्या बेसची आजची व्याख्या १८९८ ला लागू झाली, त्यामुळे स्पायडर्सचे आधीच्या वर्षांचे आकडे शेजारी मांडून तुलना करू नका.

दोन वर्तमानपत्रांत एररची (फील्डरच्या चुकांची) संख्या वेगळी निघाली तर गोंधळू नका. प्रत्येक वर्तमानपत्राचा स्कोअरर आपल्या नजरेने एरर द्यायचा. धावा आणि इनिंगचा तक्ता दोन्हीकडे जुळला की पुरे. एररसाठी एकच वर्तमानपत्र मोसमभर धरून ठेवा. सप्टेंबरचे सामने उतरवताना डबलहेडरच्या (एकाच दिवशी झालेल्या दोन सामन्यांच्या) दोन निकालांची अदलाबदल झाली नाही ना, तेही पाहा. शेवटी विजय २० आणि पराभव १३४ भरले, धावा ५२९ आणि १,२५२ आल्या, की तक्ता बरोबर.